एक पातं पलीकडे

माणूस किती सुसंस्कृत आहे, हे त्याने शेजाऱ्याच्या दारातला किती बर्फ काढला यावरून ठरतं. स्वतःच्या दारातला बर्फ कोणीही काढतो. नाही काढला तर दारच उघडणार नाही, मग सांगणार कोणाला? खरी संस्कृती हद्दीच्या पुढे सुरू होते. शेजाऱ्याचा किती बर्फ काढायचा आणि किती ठेवायचा, हे ज्याला न सांगता समजतं, त्याला आमच्या कामिनोसावा या बर्फाळ गावात सभ्य गृहस्थ म्हणतात. बाकीच्यांना रहिवासी म्हणतात.

याबाबतचा नियम असा आहे: आपली हद्द संपली की आणखी एक पातं पलीकडे जायचं. पातं म्हणजे हातात जे हत्यार असेल त्याची रुंदी. हा नियम कुठेही लिहिलेला नाही, त्यामुळे त्यातून पळवाट काढायची सोय नाही. एका पात्याहून कमी काढलं तर माणूस कद्रू ठरतो. बरोबर हद्दीवर थांबला तर दोन घरांत भांडण झालंय असं समजून गल्लीप्रमुख समजूत काढायला येतात. (काही वर्षांपूर्वी दक्षिणेकडून बदली होऊन आलेल्या एका मास्तरांनी दोरी लावून अगदी हद्दीपर्यंत बर्फ काढला होता. त्यांच्या घरी काहीतरी वाईट घडलं असावं असं धरून आख्ख्या गल्लीने त्यांना मुळ्याचं लोणचं नेऊन दिलं. मास्तर ते अजून खात आहेत.) आणि एका पात्याहून जास्त काढलं, तर त्याचा अर्थ सरळ आहे: शेजारी थकला. असा अर्थ निघणं हा शेजाऱ्याचा अपमान असतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो तुमच्या दारात येऊन त्याची परतफेड करतो.

थकण्यासाठी आमच्याकडे वेगळी व्यवस्था आहे. तिला पिवळी फीत म्हणतात. शाळेची मुलं जायच्या वेळी ज्या घरापुढची वाट मोकळी झालेली नसेल, त्या घराच्या खांबाला गल्लीप्रमुख पिवळी फीत बांधतात. या घरातला माणूस आता थकला, तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याचा बर्फ काढायचा, असं ती फीत प्रेमाने जाहीर करते. प्रेमाने जाहीर झालेल्या गोष्टीवर अपील नसतं. फीत लागलेला म्हातारा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मुलाकडे नाहीतर मुलीकडे शहरात गेलेला असतो आणि खांबाला फितीच्या जागी घर विकायची पाटी लागलेली असते. गल्लीच्या समितीच्या म्हणण्यानुसार योजना शंभर टक्के यशस्वी आहे, कारण मदत मिळालेल्या एकाही घरातून दुसऱ्या वर्षी तक्रार आलेली नाही.

ओनोझुका तोकुजींना या योजनेबद्दल अतिशय आदर होता. शेतकी सोसायटीच्या खताच्या गोदामातून निवृत्त झालेला, घरात एकटा राहणारा माणूस असल्या योजनेबद्दल आदर बाळगूनच असतो. त्यातून गेल्या वसंतात त्यांच्या कण्यातली एक चकती सरकली होती आणि डॉक्टरांनी त्यांना काहीही उचलायला मनाई केली होती. काहीही म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी खिडकीबाहेर वितळत पडलेल्या बर्फाच्या ढिगाकडे नुसती मान वळवली. ही बातमी शहरात राहणाऱ्या मुलाला कळली आणि साईतामाहून त्याचा फोन आला.

"बाबा, मी भांडत नाहीये," नोबुहिरो म्हणाला. (तो भांडायला सुरुवात याच वाक्याने करतो.) "पण या हिवाळ्यात आपल्या खांबाला ती फीत लागली ना, की मी गाडी घेऊन येणार. अकराव्या मजल्यावर तुमची खोली तयार आहे."

"अकराव्या मजल्यावर बर्फ साचतो का रे?"

"नाही ना! तेच तर सांगतोय."

"मग मी सकाळी उठून करू काय?"

फेब्रुवारीत रजा टाकून मी स्वतः येऊन बघतो, असं सांगून नोबुहिरोने फोन ठेवला.

तोकुजींना घर सोडायचं नव्हतं. या घरात त्यांचा संसार झाला होता, इथल्याच खोलीत त्यांची बायको सानाए गेली होती, आणि अंगणातल्या कडू फळं देणाऱ्या झाडाला शिव्या दिल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नव्हता. बर्फाला ते कधी घाबरले नव्हते. अकराव्या मजल्याची मात्र त्यांना मनापासून भीती वाटत होती.

तेव्हा प्रश्न एवढाच उरला की, न उचलता बर्फ काढायचा कसा?

या प्रश्नावर मानवजातीने पुष्कळ विचार केलेला आहे आणि त्यातला बराचसा विचार तोकुजींच्या शेडमध्ये ठेवलेला होता. शेड मुळात मोटारीसाठी बांधली होती. बर्फ काढायची हत्यारं वाढत गेली तशी मोटार बाहेर आली, बाहेर आली म्हणून बर्फाखाली गाडली जाऊ लागली, आणि ती उकरायला आणखी हत्यारं लागू लागली. या व्यवस्थेत मोटार सोडून कोणाचीच गैरसोय नव्हती.

विकत घेतलेल्यांत सगळ्यात जुनं म्हणजे वडिलांच्या वेळचं लाकडी फावडं. ते अजून चांगलं चालतं, म्हणून ते कोणी वापरत नाही. त्याच्या शेजारी 'हवेसारखं हलकं' फावडं होतं, जे हवेसारखंच असल्यामुळे बर्फात शिरत नसे. मग वाकड्या दांड्याचं 'कंबरेचा मित्र'. (मित्र म्हणून चांगलं आहे, काम सांगू नये.) दोन हातांनी ढकलायचं मोठं पत्र्याचं सुपडं होतं, ते खरोखर उपयोगी असल्यामुळे त्याची जाहिरात करत नाहीत. पेट्रोलवर बर्फ उडवणारं एक यंत्र होतं, ते जुलै महिन्यात पहिल्याच झटक्याला सुरू होत असे. नाक्यावरच्या दुकानाच्या पत्रकानुसार प्रत्येक नव्या फावड्यामागे तीस टक्के कष्ट वाचतात. तोकुजींनी चार फावडी घेतली होती. म्हणजे बर्फ आपणहून जायला हवा होता आणि वर वीस टक्के कष्ट दुकानाने परत द्यायला हवे होते. हे त्यांनी दुकानदाराला विचारलं, तेव्हा त्याने पाचवं फावडं दाखवलं.

घरी केलेल्या हत्यारांची बात वेगळी होती. न्हाणीतल्या जुन्या टबाचं झाकण होतं, त्याला दोरी बांधून ओढता येत असे. खताच्या रिकाम्या पोत्याची घसरगाडी होती. बांबूला खिळवलेली एक कढई होती, तिचा उपयोग ती करून झाल्यावरही सापडला नव्हता. छपराच्या कडेला लोंबणारा बर्फ करवतीसारखा कापायला गाठी मारलेली दोरी होती. तिला दोन्ही टोकांना दोन माणसं लागतात, म्हणून सानाए गेल्यापासून ती खिळ्यालाच होती. आणि एका डब्यात पूर्वजांच्या देव्हाऱ्यातल्या मेणबत्त्यांचे तुकडे होते. ते पात्याला चोळले की ओला बर्फ चिकटत नाही. पूर्वजांची याला हरकत नसावी, कारण हा डबा त्यांच्यापैकीच एकाने सुरू केला होता.

या सगळ्यातून तोकुजींनी जे नवं हत्यार काढलं, त्याचं निम्मं श्रेय लोकशाहीला द्यायला हवं. शरद ऋतूत पालिकेची निवडणूक झाली होती आणि मिनागावा नावाचे उमेदवार सपाटून पडले होते. निवडून आलेल्याचे फलक कार्यकर्ते जपून ठेवतात. पडलेल्याचे कोणीही न्यावेत. तोकुजींनी मिनागावांचा एक जाड प्लास्टिकचा फलक आणला, पाठीमागे टबाचं झाकण ठोकलं, खालच्या कडेला पत्र्याची पट्टी लावली आणि जुन्या बाबागाडीचा दांडा बसवला. फलकावर मिनागावा हात जोडून हसत होते आणि खाली 'आपल्या वाटेतला प्रत्येक अडथळा दूर करीन' असं लिहिलं होतं. निवडणुकीनंतर आश्वासन पाळलेला कामिनोसावातला हा पहिलाच उमेदवार.

कारण हत्यार फारच चांगलं निघालं. काही उचलायचं नाही, वाकायचं नाही. छातीएवढ्या दांड्याला धरून नुसतं चालत जायचं आणि रस्त्यापलीकडच्या वाहत्या नाल्यात बर्फ लोटून द्यायचा. पहिल्याच सकाळी तोकुजींचं अंगण त्यांच्या नेहमीच्या निम्म्या वेळात साफ झालं. कंबर अजिबात बोलली नाही. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मिनागावांना वाकून नमस्कार केला. मग ते नियमाप्रमाणे एक पातं पलीकडे गेले.

अडचण इथे सुरू झाली, कारण ते पातं दाराएवढं होतं.

पलीकडच्या घरात कुवाबारा हात्सुए राहत. वय शहात्तर. जन्मभर टोफूचं दुकान चालवून त्यांनी मनगटं कमावली होती, आणि दुकान बंद झाल्यावर ती वापरायला बर्फाखेरीज काही उरलं नव्हतं. जिभेला मात्र बारा महिने काम होतं. त्या फावडं घेऊन बाहेर आल्या, आपल्या अंगणाचा एवढा मोठा पट्टा मोकळा झालेला पाहून थबकल्या.

"तोकुसान, माझं काही चुकलं का हो?"

"नाही हो, हात्सुएसान. का?"

"नाही, इतके आत शिरलात म्हणून विचारलं. म्हटलं, म्हातारी रात्रीत गेली असं वाटून आवराआवर चाललीय की काय."

"एकच पातं आलोय. नियमाप्रमाणे."

"पातं?" हात्सुएंनी फलकाकडे नीट पाहिलं. मिनागावांनी हात जोडलेलेच होते. "याला पातं म्हणतात होय? आमच्याकडे याला भिंत म्हणतात."

"घरीच केलंय."

"ते दिसतंय. निवडून आले असते तर इतक्या लवकर उठले नसते बिचारे."

एवढं बोलून त्या आत गेल्या. तोकुजींना वाटलं, मिटलं. पण त्यांनी त्या दिवशी दुपारभर पलीकडून हातोड्याचे आवाज ऐकले. दुसऱ्या दिवशी उजाडताना पाहतात तर हात्सुए आपल्या बंद दुकानाची पत्र्याची लांबलचक पाटी दोन बांबूंना बांधून रस्त्यावर ढकलत होत्या. पाटीवर 'कुवाबारा टोफू, रोज ताजा' असं होतं. त्या हद्दीपाशी आल्या, एक पातं पलीकडे गेल्या आणि तोकुजींचं अंगण जवळजवळ निम्मं साफ करूनच थांबल्या.

"घरीच केलंय," त्या म्हणाल्या.

याच्यापुढे जे झालं त्यात कोणाचीही चूक नव्हती. दोघंही सभ्य होते आणि दोघंही नियम पाळत होते. मिनागावा सगळ्याच वॉर्डांत पडल्यामुळे फलकांना तोटा नव्हता. तोकुजींनी दुसरा जोडला. हात्सुएंनी पाटीला खिडकीची झडप बिजागरीने लावली, म्हणजे हद्द ओलांडली की ती उघडायची. तोकुजींनी तिसरा फलक लावला. आता बर्फ लोटताना तीन मिनागावा एकदम यायचे आणि शेंबडी पोरं रडायची. सौजन्य याप्रमाणे पातळी ओलांडत राहिलं आणि जानेवारीच्या मध्याला ते पूर्णत्वाला पोचलं: तोकुजी रोज सकाळी हात्सुएंचं आख्खं अंगण साफ करू लागले आणि हात्सुए तोकुजींचं. आधी सौजन्य उरकायचं म्हणून दोघं आधी शेजारच्या हद्दीत शिरत, आणि मागे वळेपर्यंत आपलं अंगण दुसऱ्याने साफ केलेलं असे. स्वतःच्या दारातला बर्फ स्वतः काढायची पाळी दोघांवरही येईना.

(एक आनुषंगिक परिणाम नोंदवायला हवा. हात्सुएंचं पातं शेवटी इतकं रुंद झालं की तोकुजींचं अंगण ओलांडून ते पलीकडच्या ओसाड घरापुढेही फिरू लागलं. त्या घरात कित्येक वर्षं कोणी राहत नाही. पण वाट रोज मोकळी दिसते म्हटल्यावर पोस्टमन तिथे पत्रकं टाकू लागला, आणि समितीने त्या घराला वसंतातल्या गटारसफाईला हजर राहण्याची सूचना पाठवली. उत्तर न आल्यामुळे तिथले लोक जरा शिष्ट आहेत असं गल्लीत बोललं जातं.)

तोकुजी खूष होते. कंबर शाबूत होती, फीत लांब होती, आणि सकाळी उठल्या उठल्या पलीकडून 'काय, मिनागावासाहेब उठले का?' अशी हाक यायची, तिची त्यांना सवय लागली होती. सवयीला दुसराही शब्द आहे, पण तोकुजी तो स्वतःशीसुद्धा उच्चारणाऱ्यातले नव्हते. आता फक्त नोबुहिरो येऊन वाट मोकळी पाहून गेला की झालं.

नोबुहिरो यायच्या दिवशीच पहाटे बर्फ ओला झाला. ओला बर्फ कोरड्याच्या कैकपट जड असतो, हे ठाऊक असल्यामुळे तोकुजींनी पात्याला जास्तीची मेणबत्ती चोळली. मग बूट घालायला ते वाकले आणि तसेच राहिले. कंबर धरली होती. ते कसेबसे रांगत, खाली शेगडी असलेल्या गरम मेजापाशी गेले आणि खिडकीखाली आडवे झाले.

थोड्या वेळाने बाहेर पत्रा घासल्याचा ओळखीचा आवाज आला. हात्सुए आल्या होत्या. तोकुजींना हायसं वाटलं. वाट मोकळी होणार, फीत टळणार. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. हात्सुए इथे होत्या, ते स्वतः इथे होते, तर मग हात्सुएंच्या दारातला बर्फ कोण काढत होतं?

त्यांनी हात वर करून काचेवर थापटी मारली. हात्सुएंनी थांबून वाकून नमस्कार केला. त्यांनी आणखी जोरात मारली. हात्सुएंनी आणखी खाली वाकून नमस्कार केला. तिसऱ्या थापटीला त्यांनी हातातली पाटी खाली ठेवून, टोपी काढून असा काही नमस्कार केला की त्याच्यापुढे तोकुजींना काही मारणं शक्यच नव्हतं. मग तोकुजींचं अंगण आणि ओसाड घराचं अंगण लख्ख करून त्या घरी गेल्या.

स्वतःचं अंगण त्यांनी स्वतः काढलं असतं, तर काहीच प्रश्न नव्हता. पण त्याचा अर्थ काय झाला असता? तोकुजी आज येणार नाहीत, असा. म्हणजे तोकुजी थकले. ही गोष्ट साऱ्या गल्लीदेखत फावड्याने लिहिण्यासारखी होती. हात्सुए आत चहा घेऊन बसल्या आणि 'येतील, येतील' म्हणत राहिल्या.

शाळेची मुलं आली. ती तोकुजींच्या दारावरून उड्या मारत गेली आणि हात्सुएंच्या दारात कंबरेएवढ्या बर्फात रुतली. त्यांच्यामागून गल्लीप्रमुख सेकिया आले. सेकिया हळव्या मनाचे आहेत, फीत बांधताना ते नेहमी रडतात.

"हात्सुएसान," ते डोळे पुसत म्हणाले, "यात कमीपणा काही नाही. वेळ सगळ्यांवरच येते."

तोकुजींना खिडकीच्या फटीतून सगळं दिसत होतं. आता ती बोलेल, त्यांना वाटलं. एक वाक्य पुरे होतं: हे अंगण माझ्याकडे नाही, तोकुजींकडे आहे. पण तसं म्हटलं की फीत एक घर अलीकडे आली असती. हात्सुएंनी एकदा तोकुजींच्या खिडकीकडे पाहिलं.

"जरा सरळ बांधा हो, सेकियासान," त्या म्हणाल्या. "वाकडी दिसतेय."

दुपारी नोबुहिरो आला. लख्ख वाट पाहून तो दारातच खूष झाला.

"बाबा, मानलं तुम्हाला! मी उगाच तुमच्या मागे लागलो होतो. पट्टी टेकवून बघावी इतकं सरळ काढलंय. आणि पलीकडे हात्सुएसानना फीत लागली वाटतं? थकल्या बिचाऱ्या. सेकियासान म्हणाले, त्यांच्या मुलीला योकोहामाला फोन केलाय, उद्या येतेय न्यायला." तो मेजापाशी बसला. "तुम्ही राहा इथेच. मी आता अकराव्या मजल्याचं नाव काढणार नाही."

तोकुजींना जे जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि त्यासाठी करायचं काहीच नव्हतं. नुसतं पडून राहायचं होतं, आणि तसंही त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं. उद्यापासून पलीकडून हाक येणार नाही, हे त्यांना पहिल्यांदा नीट कळलं आणि कंबरेपेक्षा ते जास्त दुखलं.

"नोबुहिरो," ते म्हणाले, "मला पाठीवर घे."

"काय झालं? कुठे जायचंय?"

"फितीकडे."

नोबुहिरोच्या पाठीवर बसलेले तोकुजी रस्त्यावर आले तेव्हा गल्ली जमायला वेळ लागला नाही. तिथे त्यांनी सगळं सांगितलं. हात्सुएंचं अंगण आपल्याकडे असल्याचं, ते आज चुकल्याचं, आणि आपण अख्ख्या हिवाळ्यात स्वतःच्या दारातला मूठभर बर्फ काढला नसल्याचं.

"तेव्हा ही फीत सोडा, सेकियासान, आणि मला बांधा."

"खोटं आहे!" हात्सुए ओरडल्या. "त्यांचं अंगण रोज सकाळी चकाचक असतं. कशाला बांधता?"

"पण ते काढतं कोण?" सेकियांनी विचारलं.

"मी काढते! म्हणजे..." आणि हात्सुए जन्मात पहिल्यांदा वाक्य अर्धं सोडून गप्प बसल्या.

सेकियांनी विचार केला. फीत बांधायची पद्धत ठरलेली होती, सोडायची नव्हती, कारण आजवर तशी वेळच आली नव्हती. सोडता येत नाही म्हणून त्यांनी ती ठेवली. तोकुजींनी कबुली दिली म्हणून त्यांना दुसरी बांधली. (यावेळी ते कमी रडले, प्रेक्षक जास्त होते.) आता दोन्ही घरांना मदतनीस नेमणं भाग होतं. नियमाप्रमाणे मदतनीस म्हणजे सर्वांत जवळचं असं घर, ज्याला दुसऱ्याचं अंगण काढायचा अनुभव आहे. हात्सुएंसाठी असं घर एकच निघालं, तोकुजींचं. तोकुजींसाठीही एकच निघालं. मदतीची अजिबात गरज नसलेलं घर शोधलं, तर त्या रांगेत फक्त ओसाड घर सापडलं.

"म्हणजे काय बदललं?" कोणीतरी विचारलं.

"आता ते समितीच्या देखरेखीखाली होईल," सेकिया म्हणाले, आणि सगळ्यांचं समाधान झालं. हात्सुएंच्या मुलीला येऊ नकोस म्हणून फोन गेला.

नोबुहिरो मात्र अजून बापाला पाठीवर घेऊन उभा होता. "पण आमचं ठरलं होतं," तो म्हणाला. "फीत लागली की साईतामा. बाबांना पुन्हा असं झालं तर? इथे रात्री-अपरात्री कोण बघणार?"

"इथे? इथे सकाळी दार उघडलं नाही तर शाळेची पोरंच बोंब मारतात," सेकिया म्हणाले. "तुझ्याकडे कोण बघतं?"

"आमच्याकडे कोणी कोणाच्या दाराकडे बघत नाही. शांत इमारत आहे."

"शेजारी कोण आहेत?" हात्सुएंनी विचारलं.

"आहेत कोणीतरी. एक गृहस्थ आहेत. लिफ्टमध्ये दिसतात." नोबुहिरोने बापाला पाठीवर जरा वर सरकवलं. "दिसायचे."

सेकियांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. इतकी गरजू केस त्यांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच आली होती. त्यांनी खिशातून फितीची गुंडाळी काढली, चांगला हातभर तुकडा कापला आणि नोबुहिरोच्या मुठीत कोंबला.

"यात कमीपणा काही नाही," ते म्हणाले.

तोकुजी घरीच राहिले. कंबर सुटेपर्यंत त्यांच्या वाटची मदत नोबुहिरोने केली, लाकडी फावडं घेऊन. पहिल्या दिवशी तो हद्दीवर अगदी सरळ रेषेत थांबला, तेव्हा हात्सुएंनी त्याला आतून मुळ्याचं लोणचं आणून दिलं. दुसऱ्या दिवशी तो एक पातं पुढे गेला.

साईतामाला परतल्यावर त्याने एक प्रयोग केला, असं तोकुजी सांगतात. तिथे बर्फ नाही, म्हणून त्याने रविवारी सकाळी झाडू घेऊन आपल्या दारापुढचा मार्ग झाडला आणि मग एक झाडू पलीकडे गेला. त्याच दिवशी संध्याकाळी शेजाऱ्याने इमारतीच्या व्यवस्थापकाकडे तक्रार केली की, कोणीतरी आपल्या दारापुढे संशयास्पदरीत्या वावरत आहे. नोबुहिरोला दंड होता होता राहिला. त्याने फोन करून हे बापाला सांगितलं तेव्हा तो फार आनंदात होता.

"बाबा, जिवंत आहेत ते गृहस्थ!"

हे वाचताना तुम्ही अधूनमधून हसला असाल. हसायलाच हवं. साध्या बर्फापायी म्हाताऱ्या माणसांनी काय हा खुळेपणा मांडलाय! तुमच्याकडे बर्फ पडत नाही आणि दारं आपली आपण उघडतात. तेव्हा फार विचारत नाही. तुमच्या शेजारचं दार आज सकाळी उघडलं का, तेवढं सांगा. बघायला उठू नका. बसल्या जागेवरून सांगा.